अठराव्या प्रकरणातला हॅमर

टी. वाय. बी. ए.ला चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी शिकवायला घेतली की माझ्याआधी गाइड वर्गात येऊन बसलेलं असतं. धुकं म्हणजे अपराधाची भावना, लग्नाच्या दिवशीच दगा मिळालेल्या मिस हॅविशॅमची बंद घड्याळं म्हणजे गोठलेला काळ. त्यात चूक काही नाही, पण मुलं कादंबरीचं पानही न उघडता ही यादी घडाघडा म्हणून दाखवतात. म्हणून त्या दिवशी गाइडं दप्तरात ठेवायला लावली आणि अठरावं प्रकरण आळीपाळीनं मोठ्यानं वाचून घेतलं.

कादंबरीचा नायक पिप ‘जो’ नावाच्या लोहाराच्या हाताखाली उमेदवारी करतोय, चौथं वर्ष चालू आहे. अचानक लंडनहून जॅगर्स वकील येतो आणि सांगतो, या पोराला कुणीतरी मोठी इस्टेट ठेवणार आहे, त्याला ‘जंटलमन’ व्हायचंय. हाताखालचा पोरगा जाणार, त्याची भरपाई म्हणून जोला पैसेही देऊ करतो. जो पिपच्या खांद्यावर अलगद हात ठेवतो आणि पैसे नाकारतो. इथे पिप सांगतो की, नंतर अनेकदा मला जो वाफेच्या हातोड्यासारखा वाटला. माणूस चिरडू शकेल असा, पण अंड्याच्या कवचावर हलकेच थोपटूही शकेल असा.

“आता हे जरा अतीच,” कुणीतरी पुटपुटलं.

मागच्या बाकावरचा, एरवी हजेरीपुरतं बोलणारा मुलगा उठला. “अती नाही सर, हॅमर असाच चालतो.” त्याचे वडील भोसरीला एका फोर्जिंग युनिटमध्ये, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून घडवणाऱ्या कारखान्यात, हॅमरवर ऑपरेटर. नवीन पोरं आली की ते काडेपेटी अर्धी उघडून डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवतात आणि पॅडल दाबतात. एवढं मोठं धूड खाली येतं, पेटी बंद करतं आणि थांबतं. पेटीला चीरसुद्धा पडत नाही. “पायाला अंदाज लागतो. त्याला वर्षं जातात,” तो म्हणाला आणि खाली बसला.

मीही मग इंजिनिअर जेम्स नॅस्मिथच्या वाफेच्या हातोड्याबद्दल सांगितलं. पेटंट १८४२चं. वाइनच्या ग्लासात अंडं ठेवून, ग्लासला धक्का न लावता अंडं फोडून दाखवणं ही त्याची गाजलेली करामत. डिकन्सची कादंबरी साप्ताहिकातून येत होती १८६०-६१मध्ये, म्हणजे वाचकांना हा हातोडा चांगला ठाऊक होता.

पुढच्या बाकावरची एक मुलगी मात्र पानं मागे चाळत होती. “सर, पाचव्या प्रकरणात शिपाई राजाच्या नावानं कैदी शोधायला येतात. राजा म्हणजे व्हिक्टोरियाच्या आधी, १८३७च्या आधी. मग खेड्यातल्या लोहाराला हा हॅमर कुठून?”

डिकन्सची चूक, असा निकाल लगेच लागला. मी वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. खांद्यावर हात पडतो तो मुलगा असलेल्या पिपच्या; हातोडा आठवतो ‘नंतर’, लिहायला बसलेल्या प्रौढ पिपला. एकाच वाक्यात दोन वयांचे दोन पिप आहेत आणि एका यंत्रानं ते वेगळे ओळखू येतात. प्रथमपुरुषी निवेदनाची याहून चांगली फोड मला तरी माहीत नाही.

मग तास माझ्या हातात राहिलाच नाही. मिस हॅविशॅमनं वाढवलेली एस्टेला आठव्या प्रकरणात पिपच्या राकट हातांना हसते आणि त्याला स्वतःच्या हातांची लाज वाटू लागते. तोच पिप पुढे लंडन पाहून, जंटलमन होऊन जोला उपमा कसली देतो, तर लोहारकामातल्याच सगळ्यात मोठ्या अवजाराची! दिवाणखान्यातली एकही वस्तू त्याला पुरली नाही. सत्ताविसावं प्रकरणही कुणीतरी काढलं. जो लंडनला भेटायला येणार म्हटल्यावर पिपला वाटतं, पैसे देऊन याला टाळता आलं असतं तर दिले असते. “म्हणजे पिपसाठी पैसे जोनं घेतले नाहीत, आणि पिप मात्र जोला टाळायला पैसे द्यायला तयार!” हे त्या मुलीनं जोडलं. गाइडमध्ये असं काही नव्हतं. मी नंतर मुद्दाम पाहिलं.

तास संपल्यावर हॅमरवाल्याचा प्रश्न आलाच: “सर, परीक्षेत हे लिहिलं तर मार्क पडतील?”

“प्रकरणाचा नंबर घालून लिही,” मी म्हटलं. “तपासणाऱ्याला पुस्तक उघडावं लागेल.”