कोंबड्यांचा उन्हाळी संप

चार कोंबड्या, आज अंडं एक. तेसुद्धा हातात घेतल्याबरोबर पिचकलं.

दुपारी तीनला परसात गेले, तर तिघी पडवळाच्या मांडवाखाली चोची वासून, पंख फाकवून धापा टाकतायत. कोंबडीला घाम येत नाही, ती धापांनीच अंग गार करते. त्या धापांमुळे अंड्याचं कवच पातळ होतं, हे मला मागच्या मे महिन्यात कळलं. तोवर बिचाऱ्या दाण्यालाच दोष देत होते!

मडक्यातलं गार पाणी ठेवलं, कलिंगडाची सालं टाकली. सालं संपवली आणि सरळ लाल माठाच्या वाफ्यात. सकाळीच शिंपलेला, ओला, गार. मी पसरलेला पालापाचोळा उधळून प्रत्येकीने आपापला खड्डा केला नि फतकल मारली. माठ गेला. हाकलायला काठी उचलली, तर सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "बसू दे गो. चिपळूणचा उकाडा तुला तरी सोसतो का?"

चौथी खुडूक आहे. खाली अंडं नाही, तरी टोपलीतून उठत नाही. शेजारच्या काकींकडून नऊ गावठी अंडी आणून संध्याकाळी तिच्याखाली ठेवली. 21 दिवस मोजतेय. तोवर पाऊस आला तर पिल्लांना कुठे ठेवायचं, कोण जाणे.