चिल्लीपिल्ली घेऊन घारापुरी: एका दिवसात जाऊन यायचं तर

दोन-तीन कुटुंबं मिळून, दोन ते आठ वर्षांची चार-पाच मुलं घेऊन गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने घारापुरीची (एलिफंटाची) लेणी बघायला जायचं म्हटलं की घरातली वडीलधारी मंडळी "कशाला एवढ्या लहानांना" म्हणतात. माझं म्हणणं, जरूर न्यावं. मात्र दिवसाचं वेळापत्रक लेण्यांवरून न आखता सगळ्यांत लहान मुलाची झोप, भूक आणि शू यांवरून आखावं. ते साधलं तर बाकीचं जमतं.

सोमवारी लेणी बंद असतात. रविवारी गर्दी फार, शिवाय बहुतेक रविवारी लोकलचा मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीमुळे गाड्या कमी), म्हणून शक्यतो शनिवार किंवा मधल्या वारची सुट्टी धरावी. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि लाँच ऐन वेळी रद्द होतात. रांगेत उभं राहून कंटाळलेल्या पोरांना परत फिरवणं हे काम सहलीपेक्षा अवघड. सकाळी नऊच्या सुमाराला लाँच सुरू होतात. पहिल्या एक-दोन लाँच गाठल्या तर उन्हाच्या आत पायऱ्या चढून होतात.

निघण्याआधी घरी एक वाटणी पक्की करायची. पाच वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलाला एक ठरलेला मोठा माणूस. "आपण सगळे आहोत की लक्ष ठेवायला" या भरवशावरच मुलं हरवतात, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय. कुणाला तिकीट काढायला किंवा स्वच्छतागृहात जायचं असेल तर तोंडाने सांगायचं, "ओवी तुझ्याकडे," आणि समोरच्याने "हो, माझ्याकडे" म्हटल्यावरच हलायचं. सगळ्या मुलांना एकाच भडक रंगाच्या टोप्या घालाव्यात. गेटवेला पोचल्यावर प्रत्येकाचा पायांपासून डोक्यापर्यंत दिसेल असा फोटो काढून ठेवावा; चुकामूक झालीच तर आज कपडे कोणते होते हे घाबरलेल्या आईबापांना धड आठवत नाही. दंडावर बॉलपेनने फोन नंबर लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावली की घामाने पुसत नाही. मदतीसाठी 112, आणि मुलांसाठीचा 1098.

सकाळी रिकाम्या पोटी लाँचमध्ये बसवू नये आणि वडे-भजीही चारू नयेत. इडली, पोळीचा रोल, केळं, एवढं बसण्याच्या तासभर आधी. प्रवास साधारण तासाचा आहे आणि दोन ते बारा वयाच्या मुलांना बोट लागण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. जागा खालच्या मजल्यावर, मधोमध घ्यावी. तिथे हेलकावे कमी बसतात. वरचा मजला मुलांना हवा असतो, पण तिथे झोकांडी मोठी आणि ऊन थेट. तोंड पुढच्या दिशेला, नजर लांबच्या किनाऱ्यावर, मोबाईल बंद. मूल एकाएकी गप्प झालं, फिकं पडलं, जांभया द्यायला लागलं की पिशवी हातात घ्यायची, कारण ओकारी त्यानंतर लगेच येते. ज्याला नेहमीच त्रास होतो त्याच्यासाठी औषध आणि त्याचं प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून आदल्या आठवड्यातच विचारून घ्यावं.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचंच. 18 डिसेंबर 2024 ला याच मार्गावर प्रवासी बोटीला झालेला अपघात मुंबईकर विसरलेले नाहीत. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं, म्हणून घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघायचं. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. खलाशाकडून लहान मापाचं मागून घ्यावं.

खरी कसोटी चढण्या-उतरण्याची. लाँच लाटेबरोबर वर-खाली होते, धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, मागून लोक ढकलत असतात. अशा वेळी घाईत मुलाला मनगट धरून वर खेचलं जातं आणि चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं कोपर त्या हिसक्याने सरकतं. मूल रडतं, हात अंगाशी धरून ठेवतं, हलवत नाही. म्हणून मूल काखेत दोन्ही हात घालूनच उचलायचं. क्रम असा: आधी एक मोठा माणूस पलीकडे, मग एकेक मूल त्याच्या हातात, शेवटचा मोठा माणूस सगळी मुलं गेल्यावर. सामान पाठीवर, हात मोकळे. उतरताना गर्दी ओसरेपर्यंत बसून राहावं, कुणी लाँच घेऊन पळत नाही.

धक्क्यावरून छोटी आगगाडी (टॉय ट्रेन) पायथ्याकडे नेते. मुलांना जीव की प्राण, पण जाताना चालवावं आणि गाडी परतीसाठी राखून ठेवावी. दुपारी थकलेल्या पोरांना खाली उतरवायला तेवढंच आमिष पुरतं. वर जायला सुमारे 120 पायऱ्या. ढकलगाडी निरुपयोगी, दोन वर्षांच्या आतल्यासाठी अंगाला बांधायची झोळी हवी. दोन्ही बाजूंना माळा-खेळण्यांची दुकानं, त्यामुळे "येताना एकच वस्तू" हे खालीच ठरवून टाकावं.

माकडांबद्दल मात्र काटेकोर राहावं. पायऱ्यांवर आणि लेण्यांच्या आवारात हातात काहीही खायचं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा चेनच्या पिशवीत. प्लास्टिकची करकर ऐकून ती येतात. माकड बिस्किटावर झेपावलं तर बिस्किट सोडून द्यायला मुलांना आधीच शिकवावं. मागे लपवलं तर ओरबाडतं. डोळे रोखून बघू नये, दात दाखवून हसू नये. ओरखडा किंवा चावा बसलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा.

पंधरा वर्षांखालच्यांना लेण्यांचं तिकीट लागत नाही. लहानांसाठी एकच मोठं लेणं पुरे, तेही पाऊण तास. शिवाची तीन मुखांची मूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे. तिच्यासमोर माहिती सांगत बसू नये. तीन चेहऱ्यांत रागावलेला कुठला, शांत कुठला, हे मुलांनाच शोधू द्यावं. मग तिच्या डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर, आणि पूर्वेच्या बाजूला कैलास हलवणारा रावण. रावण मुलांना फार आवडतो. "एलिफंटा म्हणतात तर हत्ती कुठाय?" हा प्रश्न येतोच. तो दगडी हत्ती आता भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. तोफांच्या टेकडीचा मोह टाळावा, लहानांचे पाय तेवढे पुरत नाहीत.

जेवण साडेबाराच्या आत, छप्पर-भिंती असलेल्या हॉटेलात. पाणी मुलामागे अर्धा लिटर, मोठ्यामागे एक लिटर. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटं 200 मिलिलिटरमध्ये. पाकिटावर वाचल्याशिवाय मिसळू नये, दाट झालं तर जुलाब वाढतात. चार वर्षांखालच्या मुलाला कपड्यांचे दोन जादा जोड, मोठ्या मुलांना एक. मोठ्या माणसांनीही एक टीशर्ट ठेवावा, ओकारी त्यांच्याच अंगावर होते.

परतीची लाँच दोन-अडीचची. चारनंतर धक्क्यावर उन्हात लांब रांग लागते आणि रडारड तिथेच सुरू होते. परतीचं तिकीट एकाच माणसाच्या आतल्या खिशात. निघण्याआधी सगळ्यांना शू करायला लावावी, "नाही लागली" म्हणणाऱ्यांना तर नक्कीच; लाँचवर सोय असेल असं धरू नये. येताना मुलं झोपतात. गेटवे दिसल्याबरोबर त्यांना उठवायला लागावं, म्हणजे धक्क्याला लागेपर्यंत दहा मिनिटं मिळतात. अर्धवट झोपेतलं मूल पायऱ्यांवर उभं करायचं नाही, उचलूनच उतरवायचं. पुढे टॅक्सीने सीएसएमटी किंवा चर्चगेट. तिथून लोकल सुटते म्हणून बसायला जागा मिळते, आणि चारच्या आधी स्टेशनात असलात तर संध्याकाळच्या गर्दीच्या आत घर गाठता येतं.