तीन रविवार आणि एक खोडलेला शब्द

दहावीच्या वर्षी हस्तलिखिताचं मुखपृष्ठ माझ्याकडे आलं. विषय मीच निवडला: आपल्या शाळेची मागची, गिलावा नसलेली भिंत. जांभ्या दगडाचा चिरा नुसत्या रेघांनी काढला की विटेसारखा दिसतो. त्याची भोकं आणि भोकांतली सावली ठिपक्यांशिवाय उतरत नाही. टाक आणि काळी शाई घेऊन तीन रविवार बसलो आणि शेवटी खाली ऐटीत लिहिलं, ‘पॉइंटिलिझम’. शब्द कुठल्याशा मासिकात वाचला होता. जड वाटला, म्हणून घेतला.

चित्रकलेच्या सरांनी चित्र लांब धरून पाहिलं, मग जवळ. “हें कितें रे?” एरवी वर्गात मराठी बोलणारे सर चूक सापडली की कोंकणीत उतरत. बोट चित्रावर नव्हतं, त्या शब्दावर होतं.

एकाच शाईचे ठिपके दाट दिले की अंधार, विरळ दिले की उजेड. हे स्टिपलिंग, सर म्हणाले. पॉइंटिलिझमला रंग लागतात. शुद्ध रंगांचे ठिपके शेजारीशेजारी ठेवायचे, पॅलेटवर कालवायचे नाहीत. ते काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचं. मग त्यांनी फ्रेंच चित्रकार जॉर्ज सेराची गोष्ट सांगितली. सीन नदीतल्या बेटावरची रविवारची दुपार त्याने १८८४ ते १८८६ अशी रंगवली, सुमारे दोन बाय तीन मीटरच्या कॅनव्हासवर. “त्याला एका रविवाराला दोन वर्षं लागली. तुझ्या तीन रविवारांचं काय कौतुक?”

पुढे कळलं की पॉइंटिलिझम हा शब्द टीकाकारांनी चेष्टेने काढलेला. मराठीत त्याला ‘बिंदुवाद’ म्हणतात. मला त्यात उगाच भांडण ऐकू येतं. स्टिपलिंगला मात्र आपल्याकडे रुळलेला शब्द नाही. ठिपक्यांची रांगोळी आजी रोज दारात काढायची, पण तिथे ठिपके रेघेसाठी असतात. इथे रेघच नसते.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं आणि हेच ठिपके पोटापाण्याला लागले. पानाची लव, बीचा गोलवा दाखवायला पेन्सिलीची घासलेली छटा छपाईत नीट येत नाही, ठिपका स्वच्छ उमटतो. पण घाईत मारलेल्या ठिपक्याला शेपूट फुटतं. पेन सरळ टेकवून सरळच उचलावं लागतं. हे मी त्या भिंतीवर शिकलो.

त्या भिंतीला आता गिलावा झालाय. हस्तलिखित ग्रंथालयाच्या कपाटात असेल, तर मुखपृष्ठाच्या खालचा कोपरा जरूर पाहा. माझा जड शब्द तांबड्या शाईने खोडलाय आणि त्याखाली सरांच्या अक्षरात आहे: ‘चिरा. काळी शाई, ठिपके.’