तुम्ही विचारलंत म्हणून: आधी सिगारेट की आधी आजार?

माझ्या धाकट्या भावाला भेटून निघताना तुम्ही मला दाराशी गाठता आणि आवाज खाली आणून विचारता, "सिगारेटींनीच त्याचं डोकं बिघडलं, की हे तुमच्या रक्तातच आहे?" अठरा वर्षं झाली. आजवर "दोन्ही थोडं थोडं" म्हणून वेळ मारून नेली. आज बसा.

त्याच्या स्किझोफ्रेनियाबद्दल बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: जनुकं. पुरावाही हाताशी होता. पंधराव्या गुणसूत्रावर निकोटीन रिसेप्टरची, म्हणजे निकोटीन मेंदूत ज्यांना चिकटतं त्या प्रथिनांची, तीन जनुकं शेजारीशेजारी आहेत. तिथल्या एका बदलाची प्रत अंगात असली की ओढणारा माणूस दिवसाला सरासरी एक सिगारेट जास्त ओढतो, हे २००८ नंतर पक्कं होत गेलं. २०१४ मध्ये स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या १०८ जनुकीय जागांची यादी आली, तिच्यात हाच परिसर होता. मी ती छापून घेतली, नातेवाइकांना दाखवायला. बघा, मूळ एकच, फांद्या दोन. कुणाची चूक नाही.

कुणाची म्हणजे माझी. त्याला पहिली सिगारेट मी दिली होती. गच्चीवर. तो सोळाचा, मी एकोणीसचा. एकविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले.

हा युक्तिवाद जुनाच आहे, हे नंतर कळलं. १९५८ मध्ये रोनाल्ड फिशर, संख्याशास्त्रातला केवढा मोठा माणूस, सांगत होता की सिगारेटने कॅन्सर होतो असं कशावरून? ओढायची ओढ आणि कॅन्सर, दोन्ही एकाच जनुकीय कारणातून येत असतील. स्वतः पाइप ओढायचा आणि तंबाखू उत्पादकांचा सल्लागारही होता. मला तंबाखूवाल्यांनी पैसे दिले नव्हते. मी फुकटच करत होतो.

आणि "रक्तातच" म्हणजे काय हो? एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तरी दुसऱ्याला तो निम्म्याहून जास्त वेळा होत नाही. मी त्याचा सख्खा भाऊ, त्याच्याइतकीच ओढायचो, पंधरा दिवसांत सोडली. मला काही झालं नाही. आता यातून काय काढायचं ते काढा.

मग तुमचा पुढचा प्रश्न: "सोडवत का नाही?"

सोडवली होती. तो तेव्हा क्लोझापिनवर, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या एका औषधावर, स्थिर होता, दिवसाला पंचवीस सिगारेटी. मी ठरवलं, एका झटक्यात बंद. निकोटीनचे पॅच आणले, पाकिटं फेकली, लायटर माझ्या कपाटात. तीन दिवस त्याने शिव्या घातल्या, मग गप्प झाला. मला वाटलं, जिंकलो. डॉक्टरीणबाईंना मुद्दामच कळवलं नाही. पुढच्या भेटीत चकित करू म्हटलं. आठवडाभरात तो सोळा-सोळा तास झोपायला लागला. उशी लाळेने भिजलेली. चालताना भिंतीला हात लावून चालायचा. आई म्हणाली, "हा असा का करतोय रे?" मी म्हटलं, "शरीर स्वच्छ होतंय." हे वाक्य मला अजून ऐकू येतं. दहाव्या दिवशी सकाळी तो बेसिनपाशी उभा होता, दात घासत. ब्रश खाली पडल्याचा आवाज आला, मग तो पडल्याचा. फिट आली होती. फेसात पेस्ट होती की काय, कळेना. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला कुशीवर वळवत होतो आणि आई चप्पल शोधत होती, कोणाची ते देव जाणे.

क्लोझापिनची रक्तातली पातळी भयंकर वाढली होती. गोळी तेवढीच. सिगारेटच्या धुरातली रसायनं यकृतातल्या एका एन्झाइमला कामाला जुंपतात आणि तो औषध झपाट्याने संपवतो. धूर बंद झाला, एन्झाइम मंदावला, औषध साचत गेलं. पॅचचा इथे उपयोग नाही, कारण हे काम धुराचं, निकोटीनचं नव्हे. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "बंद करताय हे सांगायचं होतंत." सांगितलं असतं तर डोस कमी केला असता. पण असं होतं हे आम्हाला आधी कुणी सांगितलंही नव्हतं! बघा, लागलो पुन्हा स्वतःची वकिली करायला.

यादीचा कागद अजून आहे. पण २०२० च्या सुमारास जनुकांचाच आधार घेऊन कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे तपासणारे अभ्यास आले. त्यांचा कल असा, की सिगारेट स्वतःही स्किझोफ्रेनियाची जोखीम वाढवत असावी. ते अख्ख्या लोकसंख्येबद्दल बोलतात, एका गच्चीबद्दल नाही, असं मी स्वतःला सांगतो. चार दिवस पुरतं.

आता हळूहळू कमी करतोय, रक्त तपासत, डोस बदलत. सध्या नऊवर आहे. मध्यंतरी मी त्याला गच्चीची आठवण काढून विचारलंच. टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "दादा, ती पहिली नव्हती. आधीच ओढली होती मी."

हे खरं आहे की माझ्यासाठी म्हणाला, मी विचारलं नाही.