क्रीम नको, आधी रक्त तपासूया

"मॅडम, हिला एखादं चांगलं क्रीम लिहून द्या. ग्राउंडवर पळून पळून काळी पडलीय," असं म्हणत आईनं पोरीचे दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. सांगोल्याकडचं माळकरी घर. मुलगी विशीतली, पोलीस भरतीची तयारी करणारी. तिला इथं वैशाली म्हणते, खरं नाव वेगळं आहे. वडील मागं उभे होते, खुर्ची दिली तरी बसेनात.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. उन्हानं रापलेले हात रोज बघते, आणि हे हात तसे नव्हते. ऊन लागलं की हाताची पाठ, मनगटाच्या वरचा भाग, चेहरा असं सगळं रापतं. वैशालीचा चेहरा उलट फिकट होता, किंचित पिवळसर. काळेपणा होता तो फक्त बोटांच्या सांध्यांवर, नखांच्या मुळाशी आणि तळहाताच्या रेघांमध्ये. पायाच्या बोटांवरही तसाच. जीभ बाहेर काढायला सांगितली. ती गुळगुळीत, लालबुंद, वर दोन-तीन काळसर ठिपके. "तिखट झोंबतं का गं?" विचारलं तर आईच म्हणाली, "आमटीसुद्धा खात नाही आता, नुसता दहीभात मागती."

खालची पापणी ओढून बघितली. पांढरीफटक.

मग मी क्रीम बाजूला ठेवून पळण्याबद्दल विचारलं. मुलींना भरतीत ८०० मीटर पळावं लागतं. गेल्या वर्षी ती अकॅडमीत पुढच्या मुलींमध्ये होती, आता निम्म्यात बसावं लागत होतं. सरांना वाटलं, पोरगी कंटाळली. तिलाही तसंच वाटायला लागलं होतं, आणि ते सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आणखी एक विचारलं: "तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का?" ती चमकून बघायला लागली. मोरीत तोंड धुताना ती काही महिने भिंतीला धरत होती. हे तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला तर थरथर कळेना, घोट्यावर थोडी कळली.

"आपण आधी रक्त तपासू," मी म्हटलं. तेव्हा वडिलांनी मुलीला आणि तिच्या आईला पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर पाठवलं आणि खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. रिपोर्ट आठवड्यापूर्वीचा होता. हिमोग्लोबिन ५.२. पांढऱ्या पेशी २,६०० आणि प्लेटलेट ७१,०००. तिन्ही कमी. त्यांना एका ठिकाणी सांगितलं होतं की हा रक्ताचा कॅन्सर असू शकतो, पुण्याला नेऊन बोनमॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी, करा. त्यांनी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. गाय विकायचं ठरत आलं होतं. बायकोनं हातांसाठी माझ्याकडं यायचा हट्ट धरला म्हणून ते मुकाट सोबत आले होते.

त्याच कागदावर, खालच्या ओळीत, एमसीव्ही १२१ छापलेला होता. तांबड्या पेशीचं हे सरासरी आकारमान. ८० ते १०० च्या दरम्यान असायला हवं. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात. इथं त्या फुगल्या होत्या. फुगलेल्या पेशी, काळे सांधे, सोललेली जीभ, अंधारात जाणारा तोल, हे चारही एकत्र आले की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते व्हिटॅमिन बी-१२चं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी १९६३ मध्येच हातापायांच्या काळेपणाचा आणि बी-१२च्या कमतरतेचा संबंध लिहून ठेवला आहे, आणि जीवनसत्त्व दिल्यावर तो रंग जातो हेही. तरी आजही अशा पोरी क्रीमच्या ट्यूब संपवत फिरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या गावातल्या पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, मशीनचा आकडा नको, स्लाइड तू स्वतः बघ. दुपारी ओपीडी आटोपल्यावर मीही तिच्याकडं गेले. तिनं मायक्रोस्कोपपासून बाजूला होत नुसतं "बघ" म्हटलं. तांबड्या पेशी मोठ्या आणि लांबट गोल, काही तुटक्या. आणि मधोमध एक न्यूट्रोफिल. या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला साधारण तीन-चार पाळ्या असतात, पाचपर्यंत चालतात. मी मोजल्या, सात होत्या. शेजारच्या पेशीला सहा. कॅन्सरच्या कोवळ्या पेशी, ज्यांना ब्लास्ट म्हणतात, त्या मैत्रिणीनं सगळी स्लाइड पालथी घालूनही कुठं सापडल्या नाहीत.

हे असं का होतं ते वडिलांना संध्याकाळी समजावून सांगितलं. पेशी दुभंगून दोन व्हायची तर तिला आधी डीएनएची नक्कल करावी लागते, आणि त्या कामाला बी-१२ आणि फोलिक ॲसिड दोन्ही लागतात. नक्कल अडली की पेशी नुसती वाढत राहते, दुभंगत नाही, आणि बऱ्याचशा पेशी हाडातल्या मगजातच मरतात. म्हणून तिन्ही आकडे खाली येतात. मेलेल्या पेशींतून बिलिरुबिन सुटतं, तो चेहऱ्यावरचा पिवळा रंग. जीभही भराभर नव्या होणाऱ्या पेशींवर जगते, म्हणून ती सोलते. कातडीत मात्र उलट होतं, रंगद्रव्य वाढतं. बी-१२ कमी झालं की पेशीतलं ग्लुटाथायोन नावाचं रसायन घटतं आणि मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेजवरचा लगाम सुटतो, असं त्याचं कारण मानलं जातं. अशा रुग्णाचा बोनमॅरो घाईत बघितला तर तोही कधी कधी ल्युकेमियासारखा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसारखा, दिसतो. पुण्याला जाऊ नका असं मी म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की आधी आठ दिवस द्या.

बी-१२च्या तपासणीसाठी रक्त काढून घेतलं आणि मगच पहिलं इंजेक्शन दिलं, १,००० मायक्रोग्रॅम. हा क्रम महत्त्वाचा, कारण आधी सुई टोचली तर रिपोर्ट फसवा येतो. हिमोग्लोबिन पाचवर असलेली मुलगी घरी पाठवायची नव्हती, म्हणून फिजिशियन मित्राच्या दवाखान्यात दाखल केली. मामांचा आग्रह, "रक्ताची बाटली चढवा." पण महिनोन्महिने कमी रक्तावर चालवून घेतलेल्या हृदयावर एकदम बाटलीचा भार टाकणं धोक्याचं असतं, आणि तिला बसल्या जागी दम नव्हता. बाटली टाळली. लक्ष ठेवलं ते पोटॅशियमवर, कारण नव्या पेशी भराभर बनायला लागल्या की त्या रक्तातलं पोटॅशियम ओढून घेतात.

रिपोर्ट आला: बी-१२ ८३च्या खाली. मशीन त्याच्या खाली मोजतच नाही. दोनशेच्या वर हवं असतं.

आता प्रश्न, एवढं कमी झालं कसं? बी-१२ वनस्पती बनवत नाहीत, फक्त सूक्ष्मजीव बनवतात. आपल्याला ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळतं. या घरात पहिली तीन पिढ्यान्‌पिढ्या वर्ज्य. राहिलं दूध. दारात दोन गाई होत्या, पण सकाळ-संध्याकाळचं दूध डेअरीला जायचं आणि घरात उरायचं ते चहापुरतं. डेअरीचं बिल दहा दिवसांनी हातात येतं, डाळिंबाचं काय ते वर्षाअखेर. तेव्हा या घराला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पोरीला रक्त वाढावं म्हणून घरचं डाळिंब, बीट, खजूर सगळं चालू होतं. चांगलंच आहे ते, पण त्यातल्या एकातही बी-१२ नाही.

आणि शाळेत असताना निळ्या गोळ्या मिळत, लोह आणि फोलिक ॲसिडच्या. पुढंही थकवा आला की आई दुकानातून तसल्याच गोळ्या आणायची. इथं थोडं थांबून सांगायला हवं. ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली आणि गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या अशाच मोठ्या पेशींच्या पंडुरोगावर तिनं मार्माइट हा यीस्टचा अर्क देऊन बघितला. बायका सुधारल्या. १९३१ मध्ये तिनं ते प्रसिद्ध केलं, आणि त्या अर्कातला गुणकारी घटक पुढं फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. मोठी बाई! पण फोलिक ॲसिड आणि बी-१२ यांची कमतरता स्लाइडवर एकसारखी दिसते. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त काही काळ सावरतं, बी-१२अभावी होणारी मज्जारज्जूची झीज, जिच्यामुळं तोल जातो, ती मात्र चालूच राहते. वैशालीचा तोल रक्ताच्या आधीच का ढासळला असावा, याचा मला त्यात धागा दिसतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका तपासल्या तेव्हा निम्म्याहून जास्त जणींत बी-१२ कमी निघालं. फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध, जो पुढं मधुमेहाकडं नेऊ शकतो, सगळ्यात जास्त होता. हे २००८ मध्ये छापून आलं. म्हणजे वैशालीचं दुखणं तिच्यापाशी थांबणारं नव्हतं, उद्या तिचं लग्न होणार, मूल होणार.

तिसऱ्या दिवशी तिनं भाकरी मागितली. सातव्या दिवशी कोवळ्या तांबड्या पेशींचा, म्हणजे रेटिक्युलोसाइटचा, आकडा १८ टक्क्यांवर गेला. बोनमॅरोची गरज उरली नाही हे फिजिशियननं वडिलांना सांगितलं तेव्हा ते प्रथमच खुर्चीवर बसले. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन ११च्या पुढं गेलं. मग लोहही कमी पडायला लागलं, कारण नवं रक्त बनायला तेही लागतं, तेव्हा लोह जोडलं. हातांचा काळेपणा सगळ्यात हळू गेला, सहा महिने लागले, आणि मी त्यावर एकही ट्यूब लिहिली नाही. त्या वर्षीची भरती हुकली, पुढच्या भरतीचा फॉर्म तिनं भरला.

त्याआधीच मी सगळ्या घराला तपासणीला बोलावलं होतं. एकाच चुलीवरचं सगळे खातात, तेव्हा एकटीचंच कमी कसं असेल? आईचं १४०, भावाचं १६५. आणि आजी, जी बारा वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेत होती, तिचं ११०. ही गोळी बी-१२चं शोषण कमी करते. आजीच्या पायाला मुंग्या यायच्या, ती काठी धरून चालायची, आणि सगळे म्हणायचे, वय झालं. आजीलाही इंजेक्शनं सुरू केली. मुंग्या निम्म्यावर आल्या, काठी काही सुटली नाही. मज्जातंतूंना उशीर झाला की एवढंच हाती लागतं. घरात आता लिटरभर दूध ठेवून मग कॅन डेअरीला जातो. वैशालीला आणि आजीला बी-१२ची गोळी कायमची आहे, आणि ती संपली की चिठ्ठी घ्यायला वडील स्वतः येतात.