डब्यात बोलल्यासारखा आवाज

परवा एका पॅनल डिस्कशनला साउंडवर होतो. एक लांब टेबल, चार वक्ते, प्रत्येकासमोर गूसनेक माईक (वाकवता येणाऱ्या दांडीचा). साउंडचेकला एकेकाचा आवाज मस्त लागला होता, पण चर्चा सुरू झाली, चारही चॅनल उघडले आणि दुसऱ्या खुर्चीवरच्या मॅडम बोलायला लागल्या तर आवाज एकदम पोकळ, डब्यात बोलल्यासारखा. त्यात त्यांनी मान वळवली की टोनच बदलायचा. तिथेच माझी ट्यूब पेटली, कारण नुसता ईक्यूचा (बेस-ट्रेबल कमीजास्त करण्याचा) लोचा असता तर तो मान वळवल्यावर असा हलला नसता.

असिस्टंट तोवर ५०० हर्ट्झला बूस्ट मारत बसलेला. म्हटलं अरे तिथे आवाज उरलाय कुठे वाढवायला, शेजारच्या माईकचा फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) खाली घे आधी. घेतला आणि आवाज भरला की लगेच!

झालं असं होतं, मॅडमचा स्वतःचा माईक तोंडापासून ३० सेंटीमीटरवर आणि शेजारच्यांचा साधारण ६४ वर. फरक ३४ सेंटीमीटरचा, म्हणजे तोच आवाज दुसऱ्या माईकमध्ये जवळपास १ मिलिसेकंद उशिरा शिरतोय. दोन्ही मिक्स झाले की ५०० ला एकमेकांना खातात, १००० ला उलट वाढतात (लेव्हल सारखी असेल तर चक्क ६ डीबी), १५०० ला परत खड्डा, २५०० ला परत, असं वरपर्यंत. हेच ते कॉम्ब फिल्टरिंग. पोरगा म्हणे दादा, पोलॅरिटी (सिग्नलचं प्लस-मायनस) उलटी करू का? केली असती तर खड्डे १०००, २००० ला सरकले असते आणि वर बेस गेला असता तो वेगळाच.

ब्रेकमध्ये सगळे माईक तोंडापासून २० सेंटीमीटरवर आणले. शेजारचा माईक तिप्पट लांब पडला की त्यातली गळती, म्हणजे त्यात शिरणारा हाच आवाज, ९-१० डीबी खाली जाते, मग खड्डे फार जाणवत नाहीत. शिवाय ऑटोमिक्सर चालू केला, म्हणजे जो बोलतोय त्याचाच माईक आपोआप वर, बाकीचे खाली. मला तो फारसा आवडत नाही, कधीकधी शब्दाची सुरुवात खातो, पण लोक एकमेकांना तोडत बोलत असताना हाताने फेडर किती मारणार?

तरी शेवटच्या सरांचा आवाज विचित्रच, तेही एकटा त्यांचाच माईक उघडा असताना. जाऊन बघतो तर माईकच्या मागे लॅपटॉप उघडा, आवाज स्क्रीनवर आपटून परत माईकमध्ये. बंद करा म्हटलं तर म्हणे नोट्स त्यातच आहेत. मग त्यांना कॉलर माईक लावला आणि गूसनेक म्यूट.