तुम्ही विचारलंत म्हणून: बेस गिटारला चाव्या कुठल्या लावाव्यात?

चाव्या म्हणजे गिटारच्या टोकावरचे ट्यूनर, जे फिरवून तारांचा सूर लावतात. ‘बेसच्या चाव्या बदलायच्यात, चांगल्या कुठल्या?’ असं विचारणाऱ्या बहुतेकांची खरी तक्रार वेगळी असते: ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, उतरते, तिचा सूर टिकत नाही. म्हणून आधी तिच्याबद्दल.

चावीच्या आत मळसूत्री दांडा असतो आणि त्यात अडकलेलं दातेरी चाक. चावी फिरवली की चाक फिरतं, पण तारेनं कितीही ओढलं तरी चाक त्या दांड्याला उलटं फिरवू शकत नाही. 34 इंची बेसवर (नट ते ब्रिज तारेची लांबी 34 इंच) 45 ते 105 चा संच (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) लावला की एकेका तारेचा ताण 20 किलोच्या आसपास होतो. धड अवस्थेतली स्वस्त चावीही तो पेलते. तेव्हा तार उतरत असेल तर आधी खुंटावरचे, म्हणजे तार गुंडाळतात त्या दांड्यावरचे, वेढे एकमेकांवर चढलेत का ते पाहा. मग नटची, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची, खाच. सूर लावताना ‘टिक्’ आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे. उघड्या गिअरच्या चावीत चाकाच्या मधोमध स्क्रू असतो, तो सैल आहे का तेही बघा. एवढं करून बरेचदा पैसे वाचतात.

तरीही बदलायच्याच असतील, तर ब्रँडच्या आधी भोक मोजा. सगळ्या तारा काढा, एक चावी आणि तिचं बुशिंग (भोकात बसणारी कडी) उतरवा, व्हर्नियर कॅलिपरनं भोक पुढून आणि मागून, दोन्हीकडून मोजा. फेंडर कंपनीच्या जुन्या पद्धतीचं भोक 11/16 इंच, म्हणजे सुमारे 17.5 मिमी. बाकी बऱ्याच बेसवर 14 मिमीच्या आसपास किंवा 18 मिमी सापडतं. यात अर्ध्या मिलिमीटरलाही किंमत आहे: 17.5 चं बुशिंग 18 च्या भोकात खुळखुळतं, आणि 18 चं 17.5 मध्ये हातोडीनं ठोकलं तर लाकूड चिरतं, लॅकर तडकतं. भोक मोठं आणि चावी लहान असेल तर अडॅप्टर बुशिंग मिळतं. उलट असेल तर भोक वाढवण्यापेक्षा दुसरी चावी शोधावी हेच बरं. हातातल्या ड्रिलचं बिट लाकडात अडकतं आणि कडा फुटतात. सोबत दोन चाव्यांमधलं अंतर आणि हेडस्टॉकची (चाव्या बसतात त्या टोकाच्या भागाची) जाडीही टिपून ठेवा. बाजूही बघायची: चारही चाव्या एका ओळीत असतील तर सगळ्या एकाच हाताच्या, दोन-दोन असतील तर दोन डाव्या, दोन उजव्या. स्टिंगरे बेससारखं एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला एक असेल तर तसा संच मागावा लागतो.

यानंतर वजन, आणि माझ्या मते पैसे घालायचे तर इथेच. जुन्या धाटणीची भरीव चावी 90 ते 100 ग्रॅमची असते, हलकी सुमारे 55 ते 60. चार चाव्यांत साधारण 160 ग्रॅमचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो, पण हे वजन नेमकं टोकाला लटकत असतं. पट्टा अडकवायचं पुढचं बटण बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीच्या) रेषेत धरलं, तर चाव्या तिथून साधारण 55 सेंमी पुढे आणि ब्रिज (तारांचं दुसरं टोक धरणारा भाग) 43 सेंमी मागे. म्हणजे टोकाचे 160 ग्रॅम तोलायला ब्रिजवर 200 ग्रॅम टाकावे लागतील. थंडरबर्डसारख्या मान खाली टाकणाऱ्या बेसवर डावा हात वाजवण्याऐवजी मान उचलण्यातच दमतो. तिथे हिपशॉट अल्ट्रालाइट किंवा गोटोच्या रेझोलाइटसारखा हलका संच घ्यावा. बेसचा तोल आधीच नीट असेल, तर या खर्चाची गरज नाही.

गिअरच्या गुणोत्तराचा बोलबाला फार होतो. 20:1 म्हणजे चावीचे वीस फेरे झाले की खुंटाचा एक फेरा. पण खुंटाची जाडी कुणी विचारत नाही. अर्ध्या इंचाच्या खुंटावर चावीच्या एका फेऱ्यात तार 2 मिमी ओढली जाते, 3/8 इंचाच्या खुंटावर दीड. गुणोत्तर तेच, सूर मात्र बारीक खुंटावर जास्त नेमका लागतो.

मुंबई, कोकण, गोवा असा खारा, दमट वारा असेल तर बंद डब्याची चावी सोयीची. आतलं ग्रीस झाकलेलं राहतं. उघड्या गिअरची असेल तर अधूनमधून हलक्या तेलाचा एकच थेंब द्या आणि वरचं तेल पुसून टाका, नाहीतर त्यावर धूळ बसते.

बसवताना स्क्रूची जुनी भोकं जुळली नाहीत तर ती लाकडी काडी आणि गोंदानं बुजवा, वाळू द्या. मग स्क्रूच्या गाभ्याएवढं बारीक भोक पाडा आणि स्क्रूला मेण लावून हातानं पिळा. मेपलच्या कठीण लाकडात कोरडा स्क्रू जोरानं पिळला की डोकं तुटून हातात येतं.

शेवटी तार. ती चावीच्या पुढे 10 ते 12 सेंमी राहील अशी मोजा, तिथे काटकोनात दुमडा आणि मगच कापा. आधी कापली तर काही तारांवरचं वेटोळं आतल्या गाभ्यावर सैल पडतं आणि तार बोदी वाजते. टोक खुंटाच्या मधल्या भोकात खुपसा, वेढे वरून खाली घ्या. ई तारेला दोन पुरेत, सगळ्यात बारीक जी तारेला तीन. खालच्या वेढ्यामुळे तार नटवर दाबून बसते. सूर नेहमी खालून वर आणा. वर गेला तर हव्या सुराच्या खाली उतरवून पुन्हा चढवा, म्हणजे गिअरमधली ढिलाई तारेच्या ताणानंच भरून निघते.